किंमत विचारू नका, आधी वजन सांगा!

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रुपयांचे हार वेगळे सांगायला नकोत. सातपुड्यातल्या बायकांच्या गळ्यात चांदीचे कलदार असतात, कुणी राणीछाप, कुणी राजाछाप. माझा रूम पार्टनर धडगावकडचा. त्याच्या आईकडेही असा एक हार आहे. गेल्या वर्षी फी भरायची वेळ आली आणि घरात हार मोडायचा विषय निघाला. त्यातच कुणीतरी त्याला मोबाइलवर जाहिरात दाखवली, 'जुनं नाणं द्या, लाख रुपये घ्या'. झालं! पठ्ठ्या सुट्टीहून येताना घरातले दोन सुटे रुपये रुमालात बांधून घेऊन आला. एक 1862 चा, दुसरा 1939 चा.

आता विचारायचं कुणाला? नाणी जमवणारे दोन-चार जण ओळखीतून शोधले. त्यातून जो अनुभव आला, तोच आज सांगायचा आहे.

पहिल्या गृहस्थांनी फोनवर विचारलं, "किती वर्षांपासून जमवता?" आम्ही म्हटलं, आजपासूनच. "मग आधी पुस्तकं वाचा," म्हणून फोन ठेवला. दुसऱ्याने फार गोड बोलून चहा पाजला. नाणी वरवर पाहिली, "मोडीचा माल आहे," म्हणाला आणि लगेच "पूर्ण हारच घेऊन या, मी घेतो" असंही म्हणाला. मोडीचा माल, तर मग घाई कशाला?

तिसरे भेटले एक निवृत्त शिक्षक. त्यांनाही आम्ही तेच विचारलं, "सर, किती येतील?" सर म्हणाले, "किंमत विचारू नका. आधी वजन सांगा, व्यास सांगा, कडा कशी आहे ते सांगा. आणि घासलंत का?" मित्राने चिंच लावून एक रुपया लख्ख केला होता. सरांनी कपाळाला हात लावला. "अरे बाळा, ती काळी झाक म्हणजे नाण्याचं वय असतं. घासलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते."

खरं सांगतो, तेव्हा राग आला होता. पण त्या प्रश्नांमागे शास्त्र आहे, हे नंतर कळलं. 1835 पासून कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया सुरू केला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 पासून मात्र चांदी निम्म्यावर आणली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा! त्यामुळे नुसतं वजन आणि साल कळलं, तरी अर्धं उत्तर मिळतं.

उरलेलं अर्धं आम्ही आमच्या लॅबमध्ये शोधलं. आर्किमिडीजचा नियम शाळेत पाठ केला होता, तो इथे कामी आला. 1862 चा रुपया हवेत 11.40 ग्रॅम, पाण्यात 10.30. म्हणजे घनता साधारण 10.36. चांदी-तांब्याच्या या मिश्रणाची घनता गणिताने 10.3 च्या आसपास येते. पास! दुसरा रुपया हवेत 9.90, पाण्यात 8.76. घनता 8.7. चांदी एवढी हलकी नसते. ही जर्मन सिल्व्हरची घनता, आणि त्यात नावालाही चांदी नसते. आमचा 1939 चा रुपया नापास!

सरांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "1939 चा अस्सल रुपया दुर्मिळ, म्हणूनच त्याचे नकली फार." मग 1862 चा तरी लाखाचा असेल, असं आम्हाला वाटलं. तिथेही त्यांनी पाय जमिनीवर आणले. राणीच्या रुपयावर 1862 हेच साल पुढे कित्येक वर्षं तसंच ठेवलं होतं, 1874 पासून खरं साल घालू लागले. त्यामुळे 1862 चे रुपये भरपूर सापडतात. जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे.

आणि हारातल्या रुपयांचं काय? त्यांना कडी डाखलेली असते. कडी डाखली की संग्राहक तोंड फिरवतो, पण चांदी चांदीच राहते. सर म्हणाले, "आईला सांग, लाखाची आशा नको, पण कुणी मोडीचा माल म्हटला तर मातीमोलही देऊ नको."

मित्राच्या आईने शेवटी हारातले सहाच कलदार विकले. सराफाकडे जाण्याआधी मित्राने 1940 च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन ढीग केले आणि वजनं कागदावर लिहून नेली. सराफाला घट धरताना तो कागद बघावा लागला. बाकीचा हार यंदाच्या होळीला आईच्या गळ्यात होता.

आता वाटतं, जुनी मंडळी तुसडी का वागतात तेही समजून घ्यायला हवं. दिवसाला दहा जण 'किती येतील' एवढंच विचारत असतील, तर कुणीही वैतागेल. पण फोन ठेवून दिला की नवखा माणूस गप्प बसत नाही, तो गोड बोलणाऱ्याकडे जातो किंवा जाहिरातीच्या नंबरवर 'नोंदणी फी' भरून बसतो. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीर इशारा दिला होता. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात बँक कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं.

तेव्हा मित्रांनो, घरात जुनं नाणं निघालं तर घासू नका. वजन, व्यास, साल लिहून काढा, दोन्ही बाजू आणि कडा नीट बघा आणि मगच जाणत्याकडे जा. 'किती येतील' ऐवजी 'हे काय आहे' असं विचारा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथेही एकदा जाऊन यावं. आणि सल्ला देणाराच जर लगेच विकत मागू लागला, तर नाणं खिशात टाका अन् सरळ घरी या!

राहता राहिला तो नकली रुपया. सरांनी तो आम्हाला फेकू दिला नाही. "खोटं कसं ओळखायचं हे त्यानेच शिकवलं ना," म्हणाले. आता तो आमच्या रूमवर टेबलाच्या खणात असतो. नवीन कुणी विचारायला आलं, की आम्ही आधी त्याच्या हातात तो ठेवतो आणि म्हणतो, "किंमत नंतर. आधी वजन कर."