लिग्नाइट घटला, मुलांचा खोकलाही घटला

आपल्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रात 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथे जळतो तो दगडी कोळसा. त्याहून कमी प्रतीचा, तपकिरी कोळसा म्हणजे लिग्नाइट. त्यात पाण्याचे प्रमाण बरेच असल्याने तेवढ्याच विजेसाठी तो जास्त जाळावा लागतो. भारतात तो मुख्यतः तमिळनाडूतील नेयवेली, गुजरात आणि राजस्थानात निघतो. आपले वार्षिक उत्पादन बरीच वर्षे 4 कोटी टनांच्या आसपास आहे.

जर्मनीचे चित्र वेगळे आहे. 1989 मध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून 40 कोटी टनांहून अधिक लिग्नाइट काढत. 2023 मध्ये ते सुमारे 10 कोटी टनांवर आले. एकीकरणानंतर पूर्वेकडील जुने कारखाने बंद पडले, घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांऐवजी गॅस आला. हवेतील सल्फर डायऑक्साइड आणि धूळ झपाट्याने घटली. बिटरफेल्ड परिसरातील शाळकरी मुलांची 1990 च्या दशकात वारंवार तपासणी झाली, तेव्हा ब्राँकायटिस आणि सर्दी-खोकल्याचे प्रमाण कमी होत गेलेले दिसले.

म्हणजे हवा सुधारली की छातीला त्याचा फायदा काही वर्षांतच मिळतो. कोळसा कोणताही असो, धुरातील सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर जातात. हिवाळ्यात नाशिकला पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर वर जात नाही. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी या दिवसांत ऊन वर आल्यावरच फिरायला जावे आणि इनहेलर नियमित घ्यावा.