चौथ्या वर्षानंतरची सायकल

२०२३ साली जर्मनीत पहिल्यांदाच साध्या सायकलींपेक्षा विजेच्या सायकली जास्त खपल्या. सुमारे एकवीस लाख, म्हणजे वर्षभरातल्या एकूण विक्रीच्या ५३ टक्के. त्यांतल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ई-माउंटन बाइक होत्या. जाड टायर, सस्पेन्शन, पेडलांच्या मधोमध बसवलेली मोटार आणि फ्रेमच्या पोटात बॅटरी अशी ही सायकल. चांगल्या सायकलीला चार ते सात हजार युरो सहज पडतात.

एवढे पैसे एकरकमी मोजणारे मात्र कमी. २०१२ पासून जर्मनीत कंपनीच्या मोटारगाडीला मिळणारी करसवलत सायकलीलाही लागू झाली. तेव्हापासून नोकरदार माणूस मालकामार्फत भाडेकरारावर सायकल घेतो आणि हप्ता पगारातून कापला जातो. हा करार बहुतेक वेळा ३६ महिन्यांचा असतो. तीन वर्षं संपली की जुनी सायकल परत जाते आणि नवी दारात येते. कंपन्यांची नवी मॉडेलं, हमीची मुदत, दुकानदाराचा हिशेब, सगळं या तीन वर्षांच्या तालावर चालतं. मासिकांतली परीक्षणंही जेमतेम काही आठवडे चालवलेल्या कोऱ्या सायकलींची असतात.

मी स्टुटगार्टच्या दक्षिणेला, श्वेबिशे आल्ब नावाच्या डोंगररांगेजवळ राहतो. बॉशचा सायकल-मोटारींचा विभाग याच भागात, रॉयटलिंगेन परिसरात आहे. माझी ई-माउंटन बाइक वरच्या हिशेबानं केव्हाच म्हातारी झाली आहे, आणि ती मला अजून हवी आहे. म्हणून हा लेख चौथ्या, सहाव्या, आठव्या वर्षाविषयी आहे. अशी सायकल किती टिकते हे फक्त तिच्या बांधणीवर ठरत नाही. ती उघडून दुरुस्त करण्याची मुभा कुणाला आहे, यावरही ते ठरतं.

आधी यंत्राची ओळख. पेडल मारल्याशिवाय ही मोटार काम करत नाही. पायाचा जोर आतला सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटार भर घालते. युरोपीय नियमानुसार मोटारीची अखंड शक्ती २५० वॅट आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. त्यापुढे फक्त तुमचे पाय. या मर्यादेत असेल तर कायद्यानं ती सायकलच, तिला ना परवाना ना नंबरप्लेट. (आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात जंगलातल्या दोन मीटरहून अरुंद वाटांवर सायकलला बंदी आहे. मोटार असो वा नसो, नियम एकच.) मात्र २५० वॅट हा अखंड शक्तीचा आकडा आहे. चढावर चांगली मोटार थोडा वेळ सहाशे वॅटपर्यंत जाते, आणि तिचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. नियमित सायकल चालवणारा धडधाकट माणूस तासभर दोनशे वॅट काढेल. म्हणजे जी चेन एका माणसाच्या ताकदीसाठी घडली, तिच्यावर आता तीन-चार माणसांची ताकद येते.

झीज इथूनच सुरू होते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर. वापरानं पिना झिजतात, अंतर वाढतं, आणि वाढलेली चेन मागच्या चक्रांचे दात खाऊ लागते. ही वाढ मोजायची पट्टी स्वस्तात मिळते. बारा गिअरच्या चेनमध्ये वाढ अर्ध्या टक्क्यावर गेली की चेन बदलावी. तीस-चाळीस युरोंची चेन वेळेवर बदलली तर शंभराच्या वरची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, दोन-तीन चेनना पुरते. नाही बदलली तर दोन्ही एकदम जातात, आणि बरोबर पुढचं चक्रही. गिअर बदलताना क्षणभर पेडलवरचा जोर सैल सोडणं ही सवय ज्याला लागली त्याच्या चेनचं आयुष्य वाढलंच म्हणून समजा. चढाच्या मध्यावर पूर्ण जोरात गिअर बदलणाऱ्याची चेन तुटते, आणि ती नेमकी जंगलात तुटते.

ब्रेकचं गणित सिंहगडाच्या घाटावर मांडून बघू. स्वार आणि सायकल मिळून शंभर किलो आणि चढ सहाशे मीटर धरला, तर एवढं वजन नुसतं वर न्यायला साधारण १६३ वॅट-तास ऊर्जा लागते. घर्षण आणि मोटारीतली तूट धरली आणि एक तृतीयांश काम पायांनी केलं, तर बॅटरीतून दीडशे ते पावणेदोनशे वॅट-तास जातात. ६२५ वॅट-तासांची बॅटरी असे तीन-चार चढ चढवेल. पण उतरताना ते १६३ वॅट-तास कुठे जातात? थोडे हवेत, बाकीचे उष्णता होऊन ब्रेकच्या डिस्कमध्ये. ‘उतारावर बॅटरी चार्ज होते का?’ असं मला फार जण विचारतात. पेडलांशी बसवलेल्या मोटारीत होत नाही, कारण मागचं चाक फ्रीव्हीलवर मोकळं फिरतं, ते मोटारीला फिरवतच नाही. म्हणून या सायकलींना दोनशे मिलिमीटरच्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर असतात, आणि तरीही पॅड साध्या सायकलीपेक्षा लवकर संपतात. पॅड संपून धातूवर धातू घासू लागला की डिस्कही गेली. दर महिन्याला टॉर्च लावून पॅडची जाडी बघावी, एवढंच.

माउंटन बाइकचा इतिहासच ब्रेकच्या ग्रीसपासून सुरू होतो. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ च्या ऑक्टोबरात काही तरुणांनी जुन्या जड सायकली घेऊन डोंगरउताराची शर्यत लावली. चार्ली केली, जो ब्रीझ, गॅरी फिशर ही त्यांतली पुढे नावाजलेली मंडळी. एका उतरणीत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचं नाव ‘रिपॅक’ पडलं. २०१० मध्ये हायबाइक या जर्मन कंपनीनं बॉशची मोटार बसवलेली ई-माउंटन बाइक आणली आणि २०१९ मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत कॅनडात झाली. या सगळ्या काळात सायकलीचा यांत्रिक भाग मात्र उघडता येणाराच राहिला. फोर्क, शॉक, बेअरिंग, हब, काहीही घ्या, सुटे भाग मिळतात, पाने मिळतात, शिकवणारे मिळतात. फक्त सर्व्हिसचा हिशेब किलोमीटरवर ठेवू नका, तासांवर ठेवा. रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर पन्नास तासांनी करायला सांगते. मोटार असली की माणूस एका फेरीवर थांबत नाही, त्यामुळे हे पन्नास तास फार लवकर भरतात.

आता बॅटरी. लिथियम-आयन सेलचा व्होल्टेज ३.६. असे दहा सेल एका ओळीत जोडले की ३६ व्होल्ट, आणि क्षमतेसाठी अशा चार-पाच ओळी समांतर. सोबत प्रत्येक गटावर लक्ष ठेवणारं सर्किट. हमी सर्वसाधारणपणे दोन वर्षं किंवा पाचशे पूर्ण चार्ज, यांपैकी जे आधी संपेल ते. पूर्ण चार्ज म्हणजे शून्यापासून शंभरापर्यंतची बेरीज, दोनदा अर्धी भरली तर एकच धरायची. डोंगरात एका चार्जमध्ये चाळीस किलोमीटर धरले तरी पाचशे चार्ज म्हणजे वीस हजार किलोमीटर. शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्याला एवढं अंतर कापायला दहा वर्षं लागतील. म्हणून हौशी माणसाची बॅटरी वापरानं क्वचितच मरते. ती बहुधा ठेवण्यातल्या हयगयीनं मरते.

पूर्ण भरलेला सेल उष्ण जागी पडून राहणं सगळ्यांत वाईट. आतल्या रासायनिक क्रिया वापर नसतानाही चालू असतात आणि क्षमता कायमची घटते. दुसरं टोक म्हणजे पूर्ण रिकामी बॅटरी हिवाळाभर तशीच ठेवणं. ती आपोआप थोडी थोडी उतरत जाते, आणि व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की संरक्षक सर्किट तिला कायमची बंदही करू शकतं. सायकल काही आठवडे वापरायची नसेल तर चार्ज तीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा आणि बॅटरी घरातल्या थंड, कोरड्या जागी असावी. आणखी एक गोष्ट इकडच्या थंडीतली. शून्य अंशाखाली बॅटरी चार्ज करू नये. लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतो, त्यानं क्षमता जाते आणि आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. जानेवारीत फिरून आल्यावर बॅटरी आधी घरात उबेला ठेवायची आणि मगच चार्जर लावायचा. विदर्भातल्या मे महिन्यात नियम उलटा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅटरी विसरायची नाही, आणि तापलेली असेल तर निवल्यावर चार्ज करायची.

नव्या बॅटरीला इथे सातशे ते नऊशे युरो लागतात. सायकल वापरलेली घ्यायची असेल, आणि भाडेकरार संपलेल्या सायकलींमुळे असा माल आता भरपूर आहे, तर दुकानदाराच्या निदान-उपकरणावरून निघणारा बॅटरीचा अहवाल मागा. त्यात झालेले चार्ज आणि उरलेली क्षमता दिसते. सायकलीच्या रंगापेक्षा तो कागद महत्त्वाचा.

खरा प्रश्न मोटारीचा. तीन किलोच्या आतबाहेर वजनाच्या त्या डब्यात चुंबकांची ब्रशलेस मोटार, वेग कमी करणारे गिअर, क्लच, सेन्सर आणि नियंत्रक सर्किट असं सगळं बसवलेलं असतं. बहुतेक उत्पादकांचं धोरण एकच असतं. डबा उघडायचा नाही, बिघडला तर बदलायचा. हमीत असताना हे सोयीचं वाटतं. हमी संपल्यावर शंभरेक रुपयांच्या बेअरिंगपायी अख्खी मोटार बदलायची वेळ येते. बेअरिंग जाण्याचं मोठं कारण पाणी. चढावर तापलेली मोटार ओढ्याच्या पाण्यात शिरली किंवा तिच्यावर गार पाण्याचा फवारा बसला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून ओल आत ओढली जाते. म्हणून प्रेशर वॉशर वर्ज्य. बादली, मऊ ब्रश, कमी जोराची नळी एवढ्यावर भागवावं, आणि तेही मोटार निवल्यावर. पेडल उलटं फिरवताना खरखर, क्रँकला हात लावून हलवल्यावर जाणवणारा सैलपणा, चढावर वाढत जाणारी घरघर, ही लक्षणं लवकर ओळखली तर मोटार वाचते. युरोपात आता काही स्वतंत्र कारागीर या मोटारी उघडून बेअरिंग, सील आणि गिअर बदलून देतात. त्यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, कारण उत्पादकानं बंद केलेलं दार त्यांनी उघडलं.

दुसरं कुलूप सॉफ्टवेअरचं आहे. बॅटरी, मोटार आणि डिस्प्ले एकमेकांना ओळखतात, परक्या बॅटरीला मोटार दाद देत नाही. सगळा कारभार कंपनीच्या ॲपवर असला तर काय होतं ते जुलै २०२३ मध्ये दिसलं. व्हॅनमूफ ही ॲम्स्टरडॅमची शहरी ई-बाइक कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि सर्व्हर बंद पडला तर आपली सायकल उघडणार कशी, या चिंतेनं ग्राहक आपापल्या डिजिटल किल्ल्या उतरवून घेऊ लागले. पुढे ती कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, पण दुखणं कुठे आहे ते सगळ्यांना कळलं.

युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी कायदा याच दुखण्यावर बोट ठेवतो. १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलसारख्या हलक्या वाहनाची बॅटरी, इतकंच नव्हे तर तिच्यातले सुटे सेलसुद्धा, स्वतंत्र कारागिराला काढता-बदलता आले पाहिजेत. त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान पाच वर्षं बदली बॅटरी मिळाली पाहिजे, आणि बॅटरी बदलण्यात सॉफ्टवेअरचा अडथळा घालता येणार नाही. हे उशिरा झालं, पण योग्य झालं. मोटारीच्या सुट्या भागांबाबतही इतकंच स्पष्ट बंधन यायला हवं.

पुण्या-नाशिकच्या वाचकांसाठी थोडं. भारतातही २५० वॅटहून कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेली आणि बॅटरी सोडून साठ किलोंपर्यंत वजनाची ई-सायकल मोटार वाहन धरली जात नाही. पुण्यात २०२० साली सुरू झालेल्या ईमोटोराडसारख्या कंपन्यांमुळे जाड टायरची ई-सायकल पन्नास हजारांच्या आसपास मिळू लागली. तिची मोटार बहुधा मागच्या हबमध्ये असते. हळू, खड्या चढावर हब मोटार तापते आणि दमते, त्यामुळे ती आल्प्सच्या वाटांसाठी नाही. पण दीर्घकाळ बाळगण्याच्या दृष्टीनं ती मला जास्त भरवशाची वाटते. चेनवर फक्त पायाचा जोर येतो, रचना साधी असते, आणि मोटारी-कंट्रोलरची कामं करणारा माणूस गावात सापडतो. पावसाळ्यात बॅटरीचे कनेक्टर दर आठवड्याला कोरडे पुसून त्यांना ग्रीसचा हलका हात द्यावा. आणि युरोपातून सायकल भारतात आणायचा बेत असेल तर लक्षात ठेवा, १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, ना हातातल्या सामानात ना खालच्या. फ्रेम येईल, बॅटरी येणार नाही.

आपल्याकडचे २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. पण पाच वर्षांनी बदली बॅटरी मिळालीच पाहिजे, असं बंधन त्यांत नाही. ते येईपर्यंत ग्राहकानं स्वतःच विचारायला हवं. दुकानात मोटारीची ताकद आणि बॅटरीचा पल्ला विचारून झाला की आणखी तीन प्रश्न विचारा. हीच बॅटरी पाच वर्षांनी सुटी मिळेल का आणि आज तिची किंमत काय? मोटार बिघडली तर ती उघडणारा माणूस कोण? कंपनीचं ॲप बंद पडलं तर सायकल चालेल का? उत्तरं बिलावर लिहून घ्या, आणि लिहून द्यायला जो दुकानदार तयार असेल त्याच्याकडूनच सायकल घ्या.