स्ट्रिंग विश्वशास्त्र

स्ट्रिंग विश्वशास्त्र ही सैद्धान्तिक भौतिकशास्त्राची एक शाखा असून तिच्यात स्ट्रिंग सिद्धान्ताच्या आधारे विश्वाचा आरंभ, त्याचे अगदी सुरुवातीचे प्रसरण आणि आज वाढत्या वेगाने होत असलेले प्रसरण यांचे स्पष्टीकरण शोधले जाते. स्ट्रिंग सिद्धान्तानुसार मूलकण बिंदुरूप नसून ती अतिसूक्ष्म तंतूंची निरनिराळी कंपने असतात. हे तंतू ज्या ऊर्जेला उघडपणे दिसू लागतील असे मानले जाते, ती जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्रात मिळणाऱ्या ऊर्जेच्या, १ या अंकापुढे १५ शून्ये लिहावीत, सुमारे तितक्या पट आहे. एवढ्या ऊर्जेच्या जवळपास जाणारी परिस्थिती निसर्गात एकदाच, महास्फोटाच्या सुमारास, निर्माण झाली असावी. म्हणूनच स्ट्रिंग सिद्धान्ताच्या अभ्यासकांना विश्वशास्त्राकडे वळावे लागले.

पार्श्वभूमी

आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताच्या साहाय्याने प्रसरणशील विश्वाचा इतिहास मागे मागे नेत गेल्यास घनता आणि तापमान अनंत होतात व समीकरणे निरुपयोगी ठरतात. तेथे गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी यांचा मेळ घालणारा सिद्धान्त हवा. गाब्रिएले व्हेनेझियानो यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या एका सूत्रातून स्ट्रिंग सिद्धान्ताचा उगम झाला. ते सूत्र मात्र अणुकेंद्रातील तीव्र बलासाठी होते. तंतूच्या एका कंपनाचे गुणधर्म गुरुत्वाकर्षणाचा वाहक मानल्या गेलेल्या ग्रॅव्हिटॉनशी जुळतात, हे १९७४ मध्ये लक्षात आले आणि सिद्धान्ताचे प्रयोजनच बदलले. त्याची किंमतही मोठी होती: हा सिद्धान्त सुसंगत राहण्यासाठी अवकाशाच्या नऊ आणि काळाची एक अशा दहा मिती लागतात.

मिती तीनच का?

आपल्याला अवकाशाच्या तीनच मिती जाणवतात. उरलेल्या सहा स्वतःभोवती गुंडाळलेल्या व अतिसूक्ष्म आहेत असे उत्तर सर्रास दिले जाते. पण तीनच का मोठ्या झाल्या, हा प्रश्न त्याने सुटत नाही. रॉबर्ट ब्रँडेनबर्गर आणि कुमरुन वफा यांनी १९८९ मध्ये त्यावर एक सुंदर युक्तिवाद केला. आरंभी सर्व मिती सारख्याच लहान होत्या आणि तंतू त्यांच्याभोवती, पेटीला दोरी आवळावी तसे, वेटाळलेले होते असे त्यांनी मानले. वेटाळलेला तंतू प्रसरणाला विरोध करतो. उलट दिशेने वेटाळलेला तंतू त्याला भेटला तरच दोघे एकमेकांना नष्ट करतात आणि मिती मोकळी होते. तीन मितींच्या अवकाशात फिरणारे दोन तंतू कधी ना कधी एकमेकांना छेदतात. त्याहून अधिक मितींत ते सहसा एकमेकांना चुकवून निघून जातात. म्हणून तीनच मिती फुलू शकल्या. पुढे झालेल्या गणितांत तंतूंच्या भेटी पुरेशा वेगाने होतातच असे दिसून आले नाही, त्यामुळे हा युक्तिवाद आज सिद्ध मानला जात नाही. तरीही ‘तीनच मिती का’ या प्रश्नाला हात घालणारे प्रयत्न इतके थोडे आहेत, की त्याचा उल्लेख टाळता येत नाही.

व्हेनेझियानो व मौरित्सिओ गास्पेरिनी यांनी १९९० च्या दशकात महास्फोटापूर्वीही विश्वाचा एक कालखंड होता अशी कल्पना मांडली. तिला अनुयायी थोडेच लाभले.

केकेएलटी रचना

दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे १९९८ मध्ये दोन गटांनी जाहीर केले. याचा साधा अर्थ असा, की रिक्त अवकाशालाही अल्पशी धन ऊर्जा असते. स्ट्रिंग सिद्धान्तापुढे हे संकटच होते, कारण त्यातून शून्य किंवा ऋण ऊर्जेची विश्वे सहज मिळत; धन ऊर्जेचे टिकाऊ विश्व मिळत नसे. शिवाय गुंडाळलेल्या मितींचा आकार व आकारमान स्थिर ठेवणारे काहीही नव्हते. त्या मोकळ्या राहिल्या तर निसर्गातील स्थिरांक बदलत राहतील आणि प्रयोगांत कधीही न आढळलेली नवी बले दिसू लागतील.

यावरील सर्वांत चर्चित उपाय २००३ मध्ये शमित काचरू, रेनाटा कॅलोश, आंद्रेई लिंडे आणि संदीप त्रिवेदी यांनी सुचवला. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला केकेएलटी रचना म्हणतात. यांपैकी त्रिवेदी हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील असून पुढे ते तिचे संचालकही झाले. या रचनेत गुंडाळलेल्या मितींतून चुंबकीय क्षेत्रासारखी क्षेत्रे सोडून त्यांचा आकार बांधला जातो; सूक्ष्म पुंजीय परिणामांमुळे त्यांचे आकारमानही निश्चित होते. येथवर मिळणारे विश्व ऋण ऊर्जेचे असते. अखेरीस विरुद्ध भाराचे एक पटल त्यात ठेवले, की ऊर्जा किंचित धन होते. असे विश्व कायमचे स्थिर नसते. डोंगराच्या खळग्यात अडकलेल्या गोट्याप्रमाणे ते केव्हातरी निसटेल. मात्र त्याला लागणारा काळ विश्वाच्या आजच्या वयाहून कल्पनातीत मोठा आहे. हे शेवटचे पटल बाकीची मांडणी बिघडवत तर नाही ना, यावर आजही मतभेद आहेत.

भूदृश्य आणि दलदल

क्षेत्रे बांधण्याचे मार्ग असंख्य असल्याने संभाव्य विश्वांची संख्याही अफाट निघते. १ या अंकापुढे ५०० शून्ये हा तिचा नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. लिओनार्ड सस्किंड यांनी या समूहाला ‘भूदृश्य’ हे नाव दिले. एवढ्या विश्वांत रिक्त अवकाशाची ऊर्जा आपल्याइतकी अल्प असणारी काही असणारच, आणि तारे व निरीक्षक अशाच ठिकाणी निर्माण होऊ शकतात, असा त्यांच्या समर्थकांचा दावा आहे. काहीही घडू शकते असे सांगणारा सिद्धान्त काहीच सांगत नाही, हा टीकाकारांचा आक्षेप. आणि तो गंभीर आहे.

वफा यांनी २००५ मध्ये उलट बाजूने विचार सुरू केला. वरवर निर्दोष दिसणारे बरेच सिद्धान्त गुरुत्वाकर्षणाशी जुळूच शकत नाहीत. त्यांच्या या प्रदेशाला त्यांनी ‘दलदल’ म्हटले. स्थिर धन ऊर्जेचे विश्वही दलदलीतच मोडते, असे अनुमान त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले. ते खरे असल्यास केकेएलटी रचना चुकीची ठरते आणि कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असली पाहिजे. अमेरिकेतील डेसी प्रकल्पाने २०२४ व २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत अशा बदलाची चिन्हे आहेत. शोध म्हणण्याइतकी ती अद्याप भक्कम नाहीत.

निरीक्षणांची कसोटी

आद्य विश्वाच्या झपाट्याने झालेल्या फुगवट्यात गुरुत्वीय लहरी निर्माण झाल्या असल्यास त्यांचा ठसा वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाच्या ध्रुवीकरणात उमटला पाहिजे. असा ठसा सापडल्याचे बायसेप२ या दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीच्या गटाने २०१४ मध्ये जाहीर केले. पण तो मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा निघाला. त्यानंतरच्या काटेकोर मर्यादांमुळे स्ट्रिंग सिद्धान्तावर आधारलेल्या फुगवट्याच्या काही प्रतिकृती, विशेषतः मोठ्या लहरींचे भाकीत करणाऱ्या, बाद होण्याच्या मार्गावर आहेत. सिद्धान्त संपूर्णपणे तपासता येत नसला तरी त्याच्या शाखा छाटता येतात, ही गोष्ट सामान्य चर्चेत अनेकदा सुटून जाते.

दुसरा मार्ग वैश्विक तंतूंचा. फुगवट्याबरोबर ताणले जाऊन काही तंतू प्रचंड लांबीचे झाले असतील, तर त्यांच्या मागे असलेल्या दीर्घिकेच्या दोन सारख्या प्रतिमा दिसाव्यात. अशी एक जोडी २००३ मध्ये चर्चेत आली. २००६ मध्ये हबल दुर्बिणीने पाहिले तेव्हा त्या शेजारशेजारच्या दोन स्वतंत्र दीर्घिका ठरल्या. तंतूंच्या वेटोळ्यांतून गुरुत्वीय लहरीही निघतील. अतिशय दीर्घ तरंगलांबीच्या लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा २०२३ मध्ये स्पंदताऱ्यांच्या निरीक्षणांतून मिळाला. त्यात पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचाही वाटा होता. या लहरींचा उगम महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांत असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. वैश्विक तंतूंची शक्यता अजून वगळली गेलेली नाही.