जुन्या फियाटचं दार नीट लागत नाही? नवं लॉक घेण्याआधी बिजागरी बघा

ग्वाल्हेर : लष्करमधल्या वाड्यात कित्येक वर्षं उभी असलेली प्रीमियर पद्मिनी सिटी सेंटरच्या फ्लॅटखाली आणायची आणि दुरुस्त करून पुन्हा चालवायची, असा बेत असेल तर इंजिनाइतकंच लक्ष दारांकडे द्या. इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहील, पण धावत्या गाडीचं दार उघडलं तर शेजारी बसलेल्या माणसाचं काय? ‘डुक्कर फियाट’ असेल तर धोका आणखी मोठा. तिच्या पुढच्या दारांची बिजागरी मागच्या बाजूला असते. दार जरा सुटलं की समोरचा वारा ते सताड उघडतो.

दार लागेना म्हटलं की आपण थेट लॉक बदलायला निघतो. थांबा. दार अर्धं उघडा, कडेला धरून वर उचलून बघा. खालीवर हललं तर बिजागरीची पिन झिजली आहे. लोंबलेल्या दारात कितीही महागडं लॉक बसवा, ते समोरच्या स्ट्रायकरला सरळ भिडणार नाही. नवं रबर बसवल्यावर दार आपटावं लागत असेल तर दोष बहुतेक जाड रबराचा असतो. लॉक उगाच बदनाम होतं.

चावी फिरत नसेल तर तो वेगळा मामला. चावीचा गाभा म्हणजे बॅरल आणि दार धरून ठेवणारा लॅच, हे दोन वेगळे भाग आहेत. लॅच ठीक असेल तर जुना बॅरल जाणत्या चावीवाल्याकडे न्या. आतल्या पत्त्या बदलून तो सगळ्या दारांना एकच चावी करून देऊ शकतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ ला उरकला. टॅक्सीच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा बाजार आता आटतच जाणार. दिल्लीचं काश्मिरी गेट किंवा मुंबईचं कुर्ला इथे शोधायला जाल तेव्हा जुना भाग सोबत न्या. डावं-उजवं वेगळं असतं, फोटोवर भागत नाही.

लॅच बसवताना काच पूर्ण वर ठेवा, म्हणजे आत हात घालायला जागा मिळते. दांड्यांच्या ठिसूळ झालेल्या क्लिपा त्याच वेळी बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॅच बसला म्हणून लगेच दार लावू नका! दार उघडंच ठेवून स्क्रू-ड्रायव्हरने लॅचचा खटका फिरवा. दोन टप्प्यांचा लॅच असेल तर ‘टक्-टक्’ असे दोन आवाज यायला हवेत. मग बाहेरच्या आणि आतल्या हँडलने तो सुटतो का बघा, चावीनेही बघा. एखादी दांडी चुकीची लागली असेल आणि दार बंद केलंत, तर ते उघडायला घाम फुटेल.

नंतर स्ट्रायकर. त्याच्या जुन्या जागेभोवती पेन्सिलने रेघ मारा, स्क्रू थोडे सैल करा आणि दोन-दोन मिलिमीटर सरकवत जुळवा. लागताना दार वर उचललं जाऊ नये, खालीही दबू नये. पहिल्याच टप्प्यावर अडकणारं दार ‘चालतंय की’ म्हणून सोडू नका. तेच वळणावर उघडतं.

‘रिमोट लॉक टाकून देतो, पत्रा थोडा कापावा लागेल’ असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र या नोंदणीवर रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ चं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता या वयात आल्यात. पत्रा कापून मूळ रूप घालवू नका.

शेवटी वंगण. लॅचला ग्रीस, पण चावीच्या भोकात तेल नको, ग्रॅफाइटची पूड टाका. तेलावर इथल्या उन्हाळ्यातली धूळ चिकटते आणि बॅरल पुन्हा जाम होतो. दाराच्या खालच्या कडेची भोकं तारेने मोकळी करा. काचेवरून मगभर पाणी ओता, ते खालून लगेच गळायला हवं.