वाघाच्या चेहऱ्याला हात लावताना

मे महिन्याच्या सुट्टीत ताडोबा, काबिनी किंवा शेजारच्या दांडेलीच्या जंगलात जाऊन येणारे कुटुंब आज प्रत्येकाच्या ओळखीत आहे. नशिबाने साथ दिली, तर वाघाचे किंवा बिबट्याचे अगदी जवळून दर्शन घडते आणि चेहरा चौकटभर मावेल असे छायाचित्रही मिळते. घरी परतून ते संगणकावर उघडले की मात्र अनेकांची निराशा होते. डोळ्यांनी पाहिलेला वाघ तेजस्वी होता; पडद्यावरचा फिकट आणि धुळकट दिसतो. मग एखादे तयार फिल्टर लावले जाते आणि वाघ संत्र्याच्या रंगाचा होऊन बसतो. पहिल्या चित्रात जंगलातला वाघ पुरता उतरलेला नसतो आणि दुसऱ्यातून तो हरवलेला असतो. या दोहोंमधली वाट म्हणजे छायाचित्राचे संस्करण.

मूळ चित्र फिके का दिसते, हे आधी समजून घ्यावे. आपली दृष्टी ऊन आणि सावली यांच्याशी क्षणोक्षणी जुळवून घेते. कॅमेरा एकाच मापाने सगळा प्रकाश नोंदवतो. त्यातही ‘रॉ’ फाइल ही संवेदकाची कच्ची नोंद असते. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर नेहमीच्या जेपेग चित्रात केवळ २५६. सावलीतला तपशील वर काढायचा किंवा उन्हातला आवरायचा, तर रॉ फाइलमध्ये वाव मिळतो. जेपेग लवकर फाटते. म्हणून सफारीला निघण्यापूर्वीच कॅमेरा रॉवर ठेवावा. लाइटरूम किंवा कॅप्चर वन विकत घ्यावे लागते. डार्कटेबल आणि रॉथेरपी विनामूल्य मिळतात. या सर्वांत मूळ फाइल अबाधित राहते. आपण केलेले फेरफार सूचनांच्या रूपाने वेगळे साठवले जातात.

पहिले काम निवडीचे. सलग टिपलेल्या तीस चित्रांतून एकच ठेवायचे, ते डोळा पाहून. चित्र शंभर टक्के आकारात उघडावे. डोळा स्पष्ट नसेल, तर मुद्रा कितीही देखणी असली तरी ते चित्र बाजूला ठेवावे. लांब पल्ल्याच्या लेन्समधून जवळचा प्राणी टिपताना स्पष्टतेची खोली अनेकदा वीतभरच असते. नाक स्पष्ट आणि डोळा धूसर, असे सहज घडते. पुढचे कोणतेही संस्करण हा दोष झाकू शकत नाही.

त्यानंतर रंग. बांबूच्या किंवा सागाच्या सावलीत बसलेल्या वाघावर पानांची हिरवट झाक पडते. ती काढण्यासाठी व्हाइट बॅलन्स साधताना वाघाच्या डोळ्यांवरचे आणि गालांवरचे पांढरे केस प्रमाण मानावेत. ते पांढरे दिसू लागले की केशरी रंग आपोआप जागेवर येतो. मात्र सूर्योदयाच्या कोवळ्या उन्हात टिपलेल्या चित्रात हेच केस किंचित पिवळसर असणे स्वाभाविक आहे. तिथे पांढऱ्याचा हट्ट धरला, तर सकाळच पुसली जाते.

मग प्रकाश. कवडशात बसलेल्या वाघाची हनुवटी आणि गाल हमखास जळतात, म्हणजे तिथे निव्वळ पांढरा डाग उरतो. हायलाइट खाली आणल्यावर केस पुन्हा दिसू लागले तर उत्तम. दिसले नाहीत, तर तिथे माहितीच नोंदली गेलेली नाही असे समजावे. सावल्यांचे उलट आहे. काबिनीच्या प्रसिद्ध काळ्या बिबट्यांच्या अंगावरही इतर बिबट्यांसारखीच ठिपक्यांची नक्षी असते. शॅडो किंचित उचलल्या की ती अंधारातून वर येते. याच ओघात पुढे गेले, की काळा बिबट्या राखाडी होतो आणि सावल्यांत रवाळ ठिपके उमटू लागतात. बिबट्या काळा दिसत असतानाच नक्षी जाणवावी, तिथे थांबावे.

निकटचित्राचा प्राण डोळ्यात असतो. भुवईच्या उंचवट्यामुळे डोळे सावलीत जातात, म्हणून केवळ बुबुळापुरता भाग निवडून तो पाव ते एक तृतीयांश स्टॉप उजळणे रास्त ठरते. त्याहून अधिक उजळले, की डोळ्यांच्या जागी दिवे लावल्यासारखे दिसते. डोळ्यात आकाशाचा प्रकाशबिंदू मुळात नसेल, तर तो रंगवून घालू नये.

चौकट कातरताना आकडेमोड करावी. २४ मेगापिक्सेलचे चित्र साधारण ६,००० गुणिले ४,००० बिंदूंचे असते. लांबी-रुंदी निम्मी केली, तर क्षेत्र चौथाईवर येते आणि ६ मेगापिक्सेल उरतात; इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने त्यातून सुमारे १० इंच रुंदीचे छापील चित्र निघते. प्राणी ज्या दिशेला पाहत असेल, तिकडे थोडी मोकळी जागा ठेवावी. मिशांची टोके आणि कान कापले जाणार नाहीत, हेही पाहावे.

पहाटेच्या अंधुक प्रकाशात आयएसओ ३,२०० किंवा ६,४०० वर टिपलेल्या चित्रात रवाळपणा येतोच. तो पार्श्वभूमीवर मोकळ्या हाताने आणि केसाळ भागावर जपून कमी करावा, नाहीतर वाघ मेणाचा दिसू लागतो. शार्पनिंग सर्वांत शेवटी आणि तेही मास्क लावून केवळ डोळे, नाक, मिशा आणि केसांवर करावे. मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. त्या थरथरीने विरघळलेला तपशील कोणतेही साधन परत आणू शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी काही साधने तो आणल्याचा आभास निर्माण करतात. पुष्कळदा ती हजारो अन्य चित्रांवरून शिकलेले केस तिथे भरतात. ते केस या वाघाचे नसतात.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. डॉ. उल्लास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांतील पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या अंदाजण्याची पद्धत रुजवली. देशातील व्याघ्रगणनेतही आज पट्टे जुळवले जातात. सिंहाच्या बाबतीत मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी हीच ओळख असते. म्हणून चित्र आरशासारखे उलटे करू नये; डाव्या कुशीचा वाघ उजवीकडे गेला, की जगात नसलेला वाघ तयार होतो. नाकाजवळचे ठिपके डाग समजून पुसू नयेत. फाटलेला कान, जुना व्रण, तुटलेली मिशी भरून काढू नये. संवेदकावरच्या धुळीचा आभाळात उमटलेला डाग खुशाल पुसावा. तो जंगलात नव्हताच.

अशा खुणा किती बोलक्या असतात, हे २०१८ साली दिसले. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत आदल्या वर्षी पुरस्कार मिळवलेले ब्राझीलमधील मुंगीखाऊ प्राण्याचे चित्र तेव्हा बाद ठरले. एका पेंढा भरलेल्या नमुन्याशी अंगावरच्या खुणा, केसांचे पुंजके आणि शरीराची ठेवण तज्ज्ञांनी ताडून पाहिली, तेव्हा चित्रातला प्राणी तोच असल्याचा निष्कर्ष निघाला. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, तरी पुरस्कार गेला. याच स्पर्धेत अंतिम फेरीच्या चित्रांची मूळ रॉ फाइल मागवली जाते.

गोव्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मृत्युमुखी पडले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकारने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. आपल्या जंगलात वाघ आहे की नाही, यावरच जिथे वाद झडतो, तिथे वाघाचे छायाचित्र हा पुरावा असतो. अतिसंस्कारित चित्र पुराव्याच्या पंक्तीतून उठते.

मोबाइलने टिपलेल्या चित्रात, आणि कॅमेऱ्यात सोय सुरू असेल तर त्यातही, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. चित्र समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी ही नोंद काढून टाकावी. पाणवठ्याचे नावही लिहू नये. सजवलेली प्रत मित्रांना खुशाल दाखवावी. आपल्या परिसरात वाघ टिपला असेल, तर मूळ फाइल मात्र तारीख, वेळ आणि ठिकाणासह, काहीही न बदलता वन खात्याच्या हाती द्यावी.