न दिसणारा पाया

घर बदलणे ही किती दगदगीची गोष्ट आहे, हे ज्या कुटुंबावर तो प्रसंग आला असेल, त्यालाच ठाऊक. भांडीकुंडी, अंथरुणे-पांघरुणे, धान्याचे डबे आणि पुस्तके यांची बांधाबांध करता करता सारे थकून जातात. इतके करून नव्या घरी पाऊल टाकावे, तो पहिल्याच संध्याकाळी बटण दाबूनही दिवा लागत नाही आणि तोटी फिरवूनही नळाला पाणी येत नाही! मग सर्वांच्या ध्यानात येते, की सामान हलविले म्हणजे घर हलले असे नव्हे. घर चालते ते भिंतींच्या पोटात दडलेल्या तारांच्या आणि नळांच्या जोरावर. चारपाच माणसांच्या घराची ही स्थिती, तर ज्या घरात एका वेळी साठ हजार माणसे येऊन बसतात, ते घर बदलताना काय होत असेल? इंग्लंडमधील टॉटनहॅम हॉटस्पर या विख्यात फुटबॉल संघाला याचा पुरेपूर अनुभव आला.

या संघाची स्थापना १८८२ साली उत्तर लंडनमधील काही शाळकरी मुलांनी केली. पुढे तो नावारूपाला आला आणि १८९९ पासून 'व्हाइट हार्ट लेन' हे मैदान त्याचे घर बनले. एका शतकाहून अधिक काळ तेथे सामने रंगले. आजोबांनी नातवाला बोट धरून तेथे नेले आणि त्या नातवाने पुढे आपल्या नातवाला नेले. परंतु त्या मैदानात जेमतेम ३६ हजार प्रेक्षकांची सोय होती आणि सामने पाहू इच्छिणारे त्याहून कितीतरी अधिक होते. तेव्हा जुने बांधकाम उतरवून जवळजवळ त्याच जागी मोठे स्टेडियम उभारावे, असे संघाच्या चालकांनी ठरविले. १४ मे २०१७ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध जुन्या मैदानावरील अखेरचा सामना झाला. टॉटनहॅमने तो २–१ असा जिंकला आणि अनेकांनी पाणावलेल्या डोळ्यांनी त्या वास्तूचा निरोप घेतला. नवे घर बांधून होईपर्यंत संघाने वेम्बली येथील मैदानावर बिऱ्हाड थाटले.

नवे स्टेडियम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच छप्पर, हिरवेगार गवत आणि आसनांच्या रांगा येतात. हे सारे महत्त्वाचे आहेच. तथापि आजच्या काळात तेवढ्याने भागत नाही. प्रवेशद्वारावर तिकीट तपासावयाचे ते यंत्राने. खाद्यपदार्थांच्या दुकानांतील हिशेब ठेवावयाचा तो संगणकाने. धावफलक म्हणजे आता भलामोठा विद्युत्पडदा झाला आहे. कोपऱ्याकोपऱ्यातून कॅमेरे गर्दीवर नजर ठेवून असतात. वार्ताहर आपल्या जागेवरून क्षणार्धात बातम्या आणि चित्रे धाडतात. या सर्व कामांसाठी माहिती इकडून तिकडे सतत वाहत राहावी लागते. शरीरात ज्याप्रमाणे मज्जातंतू मेंदूचा निरोप बोटांच्या टोकापर्यंत पोचवितात, त्याप्रमाणे स्टेडियममध्ये हे काम तारांचे जाळे करते.

जुन्या इमारतींत हे जाळे बहुधा ठिगळे जोडत जोडत वाढलेले असते. प्रथम दूरध्वनीच्या तारा येतात; काही वर्षांनी कॅमेऱ्यांच्या वेगळ्या तारा येतात; मग तिकिटांच्या यंत्रांची तिसरीच व्यवस्था उभी राहते. एका व्यवस्थेला दुसरीची भाषा कळत नाही आणि कोणती तार कोठून कोठे जाते, हे एखाद्या जुन्या कामगारालाच तेवढे ठाऊक असते. चालू घरात ही गुंतागुंत सोडविणे कठीण, कारण दर आठवड्याला सामना असतो आणि काम थांबविता येत नाही. स्थलांतर ही त्या दृष्टीने मोठीच संधी होय. शेताची नव्याने आखणी करताना शहाणा शेतकरी आधी मुख्य पाटाची जागा ठरवितो आणि मग त्यातून प्रत्येक वाफ्याकडे पाणी वळवितो. त्याचप्रमाणे नव्या स्टेडियममध्ये काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंचा एक मुख्य मार्ग घालता येतो. या तंतूंतून माहिती प्रकाशाच्या रूपाने धावते. त्या मार्गाला शाखा फोडून प्रवेशद्वारे, दुकाने, पडदे आणि कॅमेरे यांना ती पुरविता येते. हे काम भिंती उभ्या राहण्यापूर्वीच योजावे लागते. गिलावा झाल्यावर तारेची आठवण झाली, तर भिंत फोडण्यावाचून गत्यंतर नसते!

या योजनेतील एक प्रश्न विशेष मनोरंजक आहे. आजकाल जवळजवळ प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशात मोबाइल दूरध्वनी असतो. गोल झाला की हजारो लोक एकाच क्षणी छायाचित्रे पाठवू लागतात. घरात भिंतीवर लावलेले वाय-फायचे एखादे यंत्र साऱ्या कुटुंबाला पुरते; परंतु अशा प्रत्येक यंत्राला एका वेळी ठरावीक मोबाइलांशीच नीट बोलता येते. एकाच शिक्षकाने साऱ्या गावाच्या मुलांचे पाढे एका वेळी ऐकावयाचे म्हटले, तर केवळ गोंगाट माजेल. शिवाय माणसाच्या शरीरात पाण्याचा अंश मोठा असतो आणि पाणी या रेडिओलहरींना काही प्रमाणात शोषून घेते. त्यामुळे माणसांची दाट गर्दी हीच लहरींच्या वाटेतील भिंत होऊन बसते. यावर उपाय एकच : एक मोठा आवाज नको, अनेक हळू आवाज हवेत. कमी अंतरापुरतीच बोलणारी यंत्रे ठिकठिकाणी बसवावयाची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच मोबाइल येतात. टॉटनहॅमच्या नव्या स्टेडियममध्ये अशी १६०० हून अधिक यंत्रे बसविण्यात आली.

दुसरी नवलाची गोष्ट पैशांच्या व्यवहाराची. या स्टेडियममधील दुकानांत नाणी आणि नोटा न स्वीकारण्याचे ठरले. बँकेचे कार्ड किंवा मोबाइल यंत्रासमोर धरला की पैसे चुकते होतात. सामन्याच्या मध्यंतराची पंधरा मिनिटे आणि खाऊसाठी उभे असलेले हजारो लोक, यांचा मेळ घालावयाचा तर सुट्या पैशांची घासाघीस परवडणारी नव्हती. परंतु प्रत्येक सोयीबरोबर एक जोखीम येते. पूर्वी यंत्र बिघडले तर दुकानदार कागदावर हिशेब मांडून नाणी घेऊ शके. आता तारांचे जाळे बंद पडले की दुकानच बंद! शिवाय ज्या वृद्धाजवळ किंवा मुलाजवळ असे कार्ड नसेल, त्याने काय करावे, हाही प्रश्न उरतोच. म्हणूनच अशा जाळ्याची उभारणी करताना जाणते लोक प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी दोन स्वतंत्र वाटांनी तारा नेतात, म्हणजे एक तुटली तरी दुसरी काम करते. वीज गेली तर क्षणभरही खंड पडू नये, म्हणून विजेचा साठाही सज्ज ठेवतात.

अशा रीतीने काम वेगाने चालले होते. १५ सप्टेंबर २०१८ रोजी लिव्हरपूलविरुद्धचा सामना नव्या घरात व्हावयाचा होता. लोक दिवस मोजू लागले. इतक्यात १३ ऑगस्ट २०१८ रोजी संघाने जाहीर केले, की प्राणरक्षणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाच्या अशा काही सुरक्षायंत्रणांत दोष आढळले आहेत. सबब सामना नव्या स्टेडियममध्ये होऊ शकणार नाही. छप्पर उभे होते. अडले होते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या यंत्रणांपाशी!

हे ऐकून सर्वत्र निराशा पसरली. लिव्हरपूलविरुद्धचा सामना वेम्बलीवरच खेळावा लागला. त्याच महिन्यातील वॉटफर्डविरुद्धच्या एका सामन्यासाठी तर संघाला लंडनपासून सुमारे ८० किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या गावी जावे लागले. अमेरिकन फुटबॉलचा एक सामना नव्या स्टेडियममध्ये ठरला होता, तोही वेम्बलीकडे वळवावा लागला. सप्टेंबरचे ऑक्टोबर झाले, वर्ष उलटले, तरी दारे उघडेनात. काही तारांसाठी एवढा खोळंबा कशाला, असे कोणाच्याही मनात येणे साहजिक होते.

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासातील दोन दुःखद दिवस देतात. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड येथील मैदानावर सामना चालू असताना प्रेक्षकांच्या जुन्या लाकडी सज्जाला आग लागली. सज्जाखाली वर्षानुवर्षे कचरा साचला होता. अवघ्या चारपाच मिनिटांत ज्वाळांनी सारा सज्जा वेढला. मागील बाजूची अनेक दारे कुलूपबंद होती. त्या आगीत ५६ जणांचे प्राण गेले. ते छप्पर बदलण्याचे काम हंगाम संपताच सुरू व्हावयाचे होते; आणि तो हंगामातील शेवटचा सामना होता.

दुसरा दिवस १५ एप्रिल १९८९ चा. शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वी बाहेर मोठी गर्दी दाटली, म्हणून एक मोठे दार उघडण्यात आले. शेकडो लोक समोरच्या बोगद्यातून मधल्या दोन कोंडवजा भागांत शिरले. ते भाग आधीच भरलेले होते. बाजूच्या भागांत मात्र जागा मोकळी होती. परंतु कोणत्या भागात किती माणसे गेली, हे मोजणारी व्यवस्थाच तेथे नव्हती. त्या चेंगराचेंगरीमुळे एकूण ९७ जणांना प्राण गमवावे लागले. यात प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, असा निर्णय पुढे २०१६ साली चौकशीअंती देण्यात आला. आज प्रवेशद्वारावरील यंत्र प्रत्येक तिकिटाची नोंद करते आणि कोणत्या बाजूस किती माणसे आत आली, हे नियंत्रणकक्षात तत्काळ कळते. त्या आकड्यांचे खरे मोल हिल्सबरोची हकीकत वाचल्यावरच कळते.

सुरक्षायंत्रणेची परीक्षा घेणे हे सोपे काम नव्हे. धूर होताच घंटा वाजली, एवढ्याने ती उत्तीर्ण होत नाही. घंटेबरोबर बाहेरची दारे उघडली का? ध्वनिक्षेपकावरून सूचना आली का? वाट दाखविणारे दिवे लागले का? उद्वाहने सुरक्षित मजल्यावर जाऊन थांबली का? हे सारे एकाच वेळी, ठरलेल्या क्रमाने व्हावे लागते. वर्गातील प्रत्येक मुलाला आपापली ओळ पाठ असली, तरी सर्वांनी मिळून समूहगीत सुरात म्हटले तरच ते साधले असे म्हणतात. तसेच हे आहे. म्हणून दोष सापडल्यावर एकेक जोड पुन्हा तपासणे भाग पडले.

अखेर तपासणी पूर्ण झाली. तरीही दारे एकदम सताड उघडली नाहीत. २४ मार्च २०१९ रोजी प्रथम १८ वर्षांखालील मुलांचा सामना ठेवण्यात आला आणि तिकिटे ३० हजारांच्या आतच दिली गेली. सहा दिवसांनी निवृत्त नामवंत खेळाडूंचा सामना झाला. या वेळी अधिक प्रेक्षकांना प्रवेश मिळाला. द्वारे, दुकाने, पडदे, सूचना, बाहेर जाण्याचे मार्ग या साऱ्यांची ती रंगीत तालीमच होती. नव्या बैलाला नांगराला जुंपण्यापूर्वी रिकाम्या जोखडाची सवय लावतात, त्यातलाच हा प्रकार.

३ एप्रिल २०१९ रोजी क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्याने नव्या घराचा गृहप्रवेश झाला. ५९ हजारांहून अधिक प्रेक्षक आत आले. उत्तरार्धात दक्षिण कोरियाच्या सोन ह्युंग-मिन याने या मैदानावरील पहिला अधिकृत गोल केला आणि टॉटनहॅमने सामना २–० असा जिंकला. त्या रात्री घोषणा झाल्या त्या खेळाडूंच्या नावाच्या. छपरात, जिन्यांखाली आणि भिंतींआड ज्यांनी महिनोन्महिने तारा जोडल्या, त्यांचे नाव कोणी घेतले नाही. आणि त्यांना त्याची अपेक्षाही नसावी. कारण त्यांच्या कामाची थोरवीच अशी, की ते उत्तम झाले म्हणजे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिकीट लावले, दार उघडले. हाक मारली, ती पोचली. सामना संपला आणि साठ हजार माणसे सुखरूप घरी परतली.

सात महिन्यांच्या विलंबामुळे संघाला बोलणी खावी लागली आणि आर्थिक झीजही सोसावी लागली. परंतु चुकलेला सामना दुसऱ्या मैदानावर खेळता येतो. गेलेला प्राण परत आणता येत नाही. वास्तू सुंदर असावी, सोयीची असावी, हे खरेच. पण पुरी तपासणी होईपर्यंत तिचे दार बंद ठेवण्याचे धैर्यही ती बांधणाऱ्यांच्या अंगी असावे लागते.