स्वस्त पीसी कॅबिनेट घेताय? आधी पुढची जाळी बघा

३-४ हजारांच्या कॅबिनेटमध्ये दुकानदार आधी रंगीत दिव्यांचे पंखे दाखवतो. तुम्ही पुढची बाजू बघा. तिथे अखंड काच आणि कडेला बोटभर फट असेल, तर त्या पंख्यांना हवा मिळणार कुठून? जाळीचंच घ्या. जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर असेल तर उत्तम, आपल्याकडच्या धुळीत तो लागतोच. पुढे हवा आत घेणारे १२० मिमीचे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, साध्या गेमिंग मशीनला एवढं पुरतं.

ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि सीपीयू कूलरची उंची कॅबिनेटच्या मापांशी ताडून घ्या.

जोडताना सगळ्यात जास्त लक्ष स्टँडऑफकडे द्या, म्हणजे मदरबोर्डाखालच्या छोट्या पितळी खांबांकडे. मायक्रो-एटीएक्स बोर्डाच्या भोकांखाली येतील तेवढेच ठेवा, बाकीचे काढा. जादा राहिलेला खांब मागच्या सोल्डरिंगला टेकला तर शॉर्ट होऊ शकतं. आय/ओ शील्ड सुटी असेल तर ती बोर्डाच्या आधी बसवा. सीपीयूची ८ पिनांची केबलही वरच्या कोपऱ्यातून आधीच ओढून ठेवा. नंतर तिथे बोटसुद्धा शिरत नाही. पॉवर स्विचची वायर उलटी लागली तरी चालते, एलईडीची मात्र प्लस-मायनस बघूनच लावा. यूएसबी ३ चा जाड प्लग अगदी सरळ दाबा, बोर्डावरच्या पिना पटकन वाकतात.

आणि हो, पातळ पत्र्याच्या कडा खरंच कापतात. हातमोजे घाला.